शेपटाकडचं पाणी

शुक्रवारच्या टेपवर मंगळवार लिहिला गेला.
एवढंच झालं होतं.
भटू बोरसेनं ते तीनदा सांगितलं, दर वेळी तोच वार, तीच टेप,
आणि दर वेळी खिशातला रुमाल काढून पुन्हा खिशात.

देवपुरातलं ऑफिस, मे महिना,
पाणीवाटपाचं ऑफिस, आणि कूलरमध्ये पाणी नाही.
यावर कोणी हसलं नाही, मीही नाही.
चौदा वर्षांच्या पाळ्या होत्या त्या टेपवर:
कोणत्या फडाला कोणत्या रात्री पाट सुटला, किती तास,
कोणी कोणाचं दार फोडलं, दंड किती, भरला की राहिला.
सर्व्हर मार्चमध्येच जळाला होता.
आणि उरलेल्या एकुलत्या टेपवर आता
मंगळवारची पगारपत्रकं.

मी म्हणाले, ज्यावर लिहिलं ते गेलं.
ते पुण्याचा कोणी आणणार नाही, जर्मनीचाही नाही.
गाळावर गाळ बसला तर जुना निदान खाली असतो;
इथे खाली काही नसतं.

दाराशी जुने पाटकरी बसले होते, झुलालबाबा.
ते म्हणाले, "पन पानी शेवटलोंग गयं का?"

मी थांबले.
पगारपत्रकं कितीशी असणार?
टेप इकडून तिकडे जाते, वळते, तिकडून इकडे येते,
नांगरटीसारखी, तासाला तास लागून,
आणि मंगळवार पहिल्या काही तासांतच संपलेला.
पुढचं रान जुनंच उभं होतं.
फक्त ड्राइव्ह तिथे जात नव्हता.
शेवटाची खूण दिसली की बांधावर बसतो,
म्हणतो, यापुढे कोणाचं काही नाही.

चार भंगार टेपांवर हात बसवला.
पाचव्या दिवशी खरी घेतली.
खुणेपुढे त्याला थोडं खोटं लिहायला लावायचं
आणि लिहिता लिहिता वीज तोडायची,
नवी खूण उमटायच्या आत.
त्यात आणखी थोडं बुडतं. ते बुडवायची
सही मी भटूकडून आधी घेतली.
यूपीएस बाजूला काढला.
धुळ्यात वीज न सांगता जाते;
त्या दुपारी ती मी माझ्या हातानं घालवली.

आलं. पण आलं ते कुलूपबंद,
चौदा वर्षं सगळीकडून सारखाच भुसा.
किल्ली जळक्या सर्व्हरमध्ये, चौसष्ट खुणांची.
अंदाजानं शोधत बसले असते तर पांझरा
पात्र बदलून दुसऱ्या तालुक्यात गेली असती.

तेव्हा भटूनं उठून दार लोटलं.
दंडाच्या पावतीबुकातून घडीचा कागद काढला.
"लिहून ठेवायची नाही असा नियम होता, ताई."
मग बराच वेळ काही नाही. मग, "मी लिहिली."
शून्याला आडवी रेघ, ओ वाटू नये म्हणून.
दर चार खुणांनंतर बोटभर जागा.
टेप चुकली ती याच हातानं.
मी कागद घेतला, आणि त्यानं रुमाल काढला.

रात्री साडेनऊला पहिलं नाव उघडलं: मोतन माळी.
मग वेडू भिल. मग गोजरबाई, नवऱ्याच्या नावाशिवाय.
सगळे शेवटच्या फडाचे.
पाट त्यांच्यापर्यंत पोचायचा पहाटे, घोट्याइतका;
यादीतही ते शेवटी, म्हणून टेपवरही शेवटी,
म्हणून मंगळवार त्यांच्यापर्यंत पोचला नाही.
बंधाऱ्याच्या तोंडचे मोठे बागायतदार गेले.
त्यांच्या चौदा वर्षांवर शिपायांचा महागाई भत्ता.

जूनच्या सभेला मी नव्हते. भटूनं फोनवर सांगितलं:
वरच्यांना आपल्या पाळ्या सिद्ध करायला साक्षीदार हवे होते,
आणि कोणी किती पाणी घेतलं हे
खाली कंदील घेऊन वाट बघणाऱ्यांनाच माहीत.
गोजरबाईला खुर्ची दिली म्हणे.
ती बसली नाही. उभ्यानंच तिनं
एकेकाचं नाव घेऊन तास सांगितले,
मिनिटांसकट, आणि नव्या क्लार्कला म्हणाली,
"लिख. मी थांबस."